सुप्रमा आणि साइटवरचा अभियंता

बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तर भागात पूर्णेच्या काठाने फिरलं की गोड्या पाण्याच्या विहिरी फार कमी दिसतात. जमीन काळीभोर, खोल, पाहणाऱ्याला हेवा वाटावा अशी. पण तिच्या पोटातलं पाणी खारट. नांदुरा, जळगाव जामोद, संग्रामपूर, शेगाव या तालुक्यांतून पुढे अकोला आणि अमरावतीकडे गेलेला हा खारपाणपट्टा. पूर्णेने आणून टाकलेल्या गाळाचा थर इथे शेकडो फूट खोल आहे आणि त्यात क्षार साठून राहिले आहेत. बोअरचं पाणी पिकाला दिलं तर जमीन बिघडते. संग्रामपूर-जळगाव जामोद भागातली गावं किडनीच्या आजारांनी वर्षानुवर्षं ग्रासलेली आहेत आणि तिथले लोक त्याचा संबंध या पाण्याशी जोडतात. इथे शेताला पाणी द्यायचं तर नदी अडवूनच द्यावं लागतं.

म्हणून नांदुरा तालुक्यात जिगावजवळ पूर्णेवर धरण बांधायचं ठरलं. बुलढाणा जिल्हा आणि अकोला जिल्ह्याचा काही भाग मिळून लाखाच्या आसपास हेक्टर जमीन भिजवायची, त्यातली बरीचशी उपसा करून, म्हणजे पंपांनी पाणी उचलून. १९९०च्या दशकाच्या मध्यावर प्रकल्पाला मान्यता मिळाली तेव्हा त्याची किंमत सुमारे ७०० कोटी रुपये धरलेली होती. २००९ मध्ये ती ४,०४४ कोटींवर गेली. पुढच्या सुधारणेत तिने १३ हजार कोटींचा आकडा ओलांडला. मान्यतेला पाव शतक उलटून गेलं तरी ज्या खारपाणपट्ट्यासाठी हे सगळं मांडलं, तो अजून पावसाकडेच पाहतो आहे.

किंमत वाढवून घेण्याच्या या प्रक्रियेला जलसंपदा खात्यात ‘सुप्रमा’ म्हणतात. सुधारित प्रशासकीय मान्यता. पहिली सुप्रमा, दुसरी सुप्रमा, तिसरी सुप्रमा. खात्यात नोकरीला लागलेला तरुण अभियंता पहिल्या वर्षातच हा शब्द शिकतो आणि निवृत्त होईपर्यंत तो त्याच्या तोंडी राहतो.

मोठ्या संस्थेत काम करणारा अभियंता नेमका कशाने खचतो, हे समजून घ्यायला सुप्रमाची फाइल उघडून पाहावी असं मला वाटतं. उन्हातान्हातल्या कामाची, आडगावच्या नेमणुकीची कुरकुर अभियंते करतात आणि विसरतातही. त्यांना आतून पोखरते ती वेगळी गोष्ट. ज्या कामावर त्यांची सही असते, त्या कामाचा निर्णय त्यांचा नसतो. आणि ज्यांचा निर्णय असतो, त्यांना ते काम समजलेलं असलंच पाहिजे असं बंधन कुठेही नसतं.

जिगाव प्रकल्प ज्या विदर्भ पाटबंधारे विकास महामंडळाकडे आहे, ते स्थापन झालं १९९७ मध्ये. त्याच्या आदल्या वर्षी कृष्णा खोऱ्यासाठी असंच महामंडळ निघालं होतं. कल्पना चुकीची नव्हती. खात्यातून काम केलं की पैसा अर्थसंकल्पाच्या तालावर येतो, थोडा थोडा, आणि धरणं रखडतात. महामंडळ रोखे काढेल, बाजारातून पैसा उभा करेल आणि कंपनीसारखं झपाट्याने काम उरकेल, अशी अपेक्षा होती. विदर्भाला त्याची निकडही होती. दांडेकर समितीने १९८४ मध्ये प्रादेशिक असमतोल मोजून दाखवला होता, आणि अमरावती, अकोला, वाशीम, बुलढाणा या चार जिल्ह्यांचा सिंचनाचा अनुशेष तर पुढची कित्येक वर्षं राज्यपालांच्या निर्देशांमधून पुन्हा पुन्हा डोकं वर काढत राहिला.

झालं असं की महामंडळाला खर्च करण्याची मोकळीक कंपनीची मिळाली, पण तोट्याचा हिशेब मागणारा भागधारक मिळाला नाही. खालची उतरंड खात्याचीच राहिली. कनिष्ठ अभियंता, शाखा अभियंता, उपअभियंता, कार्यकारी अभियंता, अधीक्षक अभियंता, मुख्य अभियंता, त्यांच्यावर कार्यकारी संचालक. आणि सगळ्यांच्या वर नियामक मंडळ, ज्याचे अध्यक्ष जलसंपदा मंत्री.

या शिडीवरून माहिती वर कशी जाते ते पाहण्यासारखं आहे. खोदाईत मुरूम किती फुटांवर लागला, काळी माती अंदाजापेक्षा किती खोल गेली, कोणत्या गावाने मोजणी होऊ दिली नाही, कंत्राटदाराचा रोलर किती दिवस बंद होता, हे शाखा अभियंत्याला ठाऊक असतं. तो ते सविस्तर लिहितो. कार्यकारी अभियंत्याच्या पत्रात त्याचा एक परिच्छेद होतो. अधीक्षक अभियंत्याच्या पत्रात एक वाक्य उरतं. मान्यतेसाठी जी टिपणी तयार होते तिच्यात किंमतवाढीचे ठरलेले रकाने असतात: दरसूचीतील बदल, भूसंपादन, संकल्पचित्रातील बदल, व्याप्तीतील बदल, अपुरी तरतूद आणि इतर कारणे. शाखा अभियंत्याचं म्हणणं यांपैकी एखाद्या रकान्यातला आकडा होऊन बसतं. वर बसलेल्या माणसाला आकडा दिसतो, त्यामागची माती दिसत नाही.

माती म्हटलं तेव्हा एक उदाहरण सांगायलाच हवं, कारण ते विदर्भाच्या जमिनीतलंच आहे. काळी माती पाणी मिळालं की फुगते, वाळली की भेगाळते. अशा मातीतून कालवा काढून त्यावर थेट काँक्रीटचं अस्तर लावलं तर माती खालून रेटा देते आणि अस्तराला तडे जातात, फरशा उचलल्या जातात. आयआयटी मुंबईचे प्राध्यापक आर. के. कट्टी यांनी यावर मूलभूत काम केलं. फुगणाऱ्या मातीवर न फुगणाऱ्या पण चिकटून राहणाऱ्या मातीचा जाड थर द्यायचा आणि त्यावर अस्तर करायचं, हा त्यांचा उपाय. साइटवर त्याला ‘सीएनएस’ म्हणतात आणि तो भारतीय मानकांतही गेला आहे. उपाय साधा वाटतो, पण तशी माती जवळ मिळत नाही. ती लांबून आणायची तर वाहतुकीचा खर्च वाढतो. मूळ अंदाजपत्रकात थर धरलेला नसेल किंवा पातळ धरलेला असेल, तर अभियंत्यापुढे दोनच वाटा उरतात. वाढीव खर्चाचा प्रस्ताव पाठवायचा किंवा आहे त्यात भागवून पुढच्या काही वर्षांत अस्तर उखडलेलं पाहायचं.

समजा त्याने प्रस्ताव पाठवला. खर्चवाढीचं हे कारण शंभर टक्के खरं आहे. पण त्याच रकान्यात, त्याच फाइलीत, एखादं फुगवलेलं कारणही बसू शकतं. कागदावर दोन्ही सारखीच दिसतात. वाहतुकीचं अंतर जास्त दाखवलेलं आहे की खरंच जास्त आहे, हे नागपूर किंवा मुंबईतल्या टेबलावर कळत नाही. ते कळतं फक्त जागेवर. म्हणून ज्या यंत्रणेत जागेवरच्या माणसाच्या शब्दाला वजन नाही, तिथे खऱ्या वाढीलाही संशयाचा डाग लागतो आणि खोटी वाढही सहज पार होते. प्रामाणिक अभियंत्याला या दोन्हींचा मार बसतो.

एक गोष्ट न्यायाने नोंदवली पाहिजे. किंमत वाढली म्हणजे पैसे खाल्ले, असं समीकरण करता येत नाही. ऑक्सफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये जगभरातल्या २४५ मोठ्या धरणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. प्रत्यक्ष खर्च मूळ अंदाजापेक्षा सरासरी ९६ टक्क्यांनी, म्हणजे जवळपास दुपटीने जास्त निघाला. धरणं जगात सगळीकडेच महाग पडतात, कारण सुरुवातीचा अंदाज मंजुरी मिळावी म्हणून कमी धरण्याकडे सगळ्यांचाच कल असतो. आपल्याकडे त्यात २०१३च्या भूसंपादन कायद्याची भर पडली. हा कायदा १ जानेवारी २०१४ पासून लागू झाला आणि ग्रामीण भागातल्या जमिनीचा मोबदला बाजारभावाच्या चौपटीपर्यंत जाऊ लागला. शेतकऱ्याच्या बाजूने हे योग्यच होतं. पण ज्या प्रकल्पांनी जमीन आधी घेतली नव्हती, त्यांची सगळी गणितं कोलमडली.

आणि जमीन आधी का घेतली नव्हती? मला वाटतं, व्यवस्थापनाचा खरा दोष या प्रश्नातच सापडतो. धरणाच्या कामाचा क्रम कोणत्याही स्थापत्य अभियंत्याला विचारा. आधी जमीन आणि पुनर्वसन, मग भिंत, आणि भिंतीच्या सोबतीने कालवे. नदीच्या पात्रातला शेवटचा भाग बंद करायचा, ज्याला घळभरणी म्हणतात, ते काम बुडीत क्षेत्रातली गावं उठल्याशिवाय करता येत नाही. जिगावच्या बुडितात तर पूर्णेकाठची कितीतरी गावं येतात. तरीही राज्यभर असं घडत आलं की भिंतीच्या निविदा आधी निघाल्या. भिंतीचं काम लगेच सुरू होतं, लगेच बिल होतं, लगेच डोळ्यांना दिसतं. भूसंपादनाला महसूल खातं लागतं, मोजणी लागते, गावकऱ्यांशी महिनोन्‌महिने बोलावं लागतं आणि त्याचा फोटो निघत नाही. मग भिंत घळीपर्यंत येऊन थांबते. जमिनीचे भाव वाढत जातात. गावकरी अर्धवट पुनर्वसनात अडकतात. नव्या गावठाणात पाणी आणि रस्ता नीट नाही, जुन्या गावात घरदुरुस्ती करावी तर गाव उठणार आहे. त्या गावांत जाऊन उत्तरं कोण देतो? उपअभियंता. ज्याने हा क्रम ठरवलेला नाही, तोच.

त्याच्या रोजच्या कामातली कोंडी याहून बारीक असते. बराच काळ निधी येत नाही आणि मार्च जवळ आला की एकदम येतो. एकतीस तारखेच्या आत खर्च करायचा असतो. मोजमाप पुस्तिकेत, म्हणजे ‘एमबी’त, नोंद करणारा हात कनिष्ठ अभियंत्याचा असतो. काम जेवढं झालंय तेवढंच लिहायचं, की ‘होऊन जाईल’ म्हणून थोडं पुढचं लिहायचं? तसं करायला लेखी कोणी सांगत नाही. फोन येतो. महाराष्ट्र नागरी सेवा वर्तणूक नियम १९७९ चे आहेत आणि त्यांत स्पष्ट म्हटलं आहे की वरिष्ठाचा आदेश शक्यतो लेखी असावा, तोंडी दिला तर नंतर लेखी कायम करावा. नियम चांगला आहे. पण वरिष्ठाला ‘साहेब, हे लेखी द्या’ म्हणण्यासाठी जे धैर्य लागतं त्याची किंमत बदलीत मोजावी लागेल, ही भीती प्रत्येकाच्या मनात असते. बदल्यांचा कायदाही आहे, २००५चा, आणि एका जागी साधारण तीन वर्षं हा त्याचा पाया आहे. त्यातच मुदतपूर्व बदलीसाठी अपवादाची वाटही आहे. मुलांच्या शाळा, म्हातारे आईवडील, बँकेचा हप्ता हे सगळं डोळ्यांपुढे ठेवून माणूस फोनवर ‘हो सर’ म्हणतो. त्याला भ्याड म्हणून मोकळं होणं सोपं आहे. मी ते म्हणणार नाही. प्रत्येक खरेपणासाठी जिथे माणसाला घरादाराची बाजी लावावी लागते, त्या यंत्रणेची रचना चुकलेली आहे.

२०१२ मध्ये एका अभियंत्याने ही बाजी लावली. विजय पांढरे तेव्हा नाशिकच्या महाराष्ट्र अभियांत्रिकी प्रशिक्षण प्रबोधिनीत, म्हणजे ‘मेटा’त, मुख्य अभियंता होते. राज्यस्तरीय तांत्रिक सल्लागार समितीचे ते सदस्यही होते, त्यामुळे राज्यभरातल्या प्रकल्पांचे प्रस्ताव त्यांच्या नजरेखालून जात होते. फेब्रुवारी २०१२ मध्ये त्यांनी शासनाला पंधरा पानांचं पत्र लिहिलं, मे महिन्यात आणखी एक. अंदाजपत्रकं गरजेपेक्षा फुगवली जात आहेत, कामांचा दर्जा ढासळला आहे आणि उपसा सिंचन योजना मोठ्या प्रमाणावर निकामी ठरल्या आहेत, असा त्यांच्या म्हणण्याचा सारांश होता. उपसा योजनांबद्दलची त्यांची काळजी जिगावच्या लाभक्षेत्रातल्या माणसाने तर मन लावून वाचावी अशी आहे. पंप बसवणं सोपं असतं. विजेचं बिल दरमहा कोण भरणार, दुरुस्तीला माणूस कुठून येणार, याचं उत्तर उद्घाटनाच्या दिवशी कोणी मागत नाही.

पत्र लिहिल्यानंतर महिने गेले. सप्टेंबरमध्ये ते वर्तमानपत्रांत आलं आणि मग सगळं एकदम घडलं. त्याच वर्षीच्या आर्थिक पाहणी अहवालात राज्याचं सिंचित क्षेत्र २०००-०१ मधल्या १७.८ टक्क्यांवरून २००९-१० मध्ये १७.९ टक्के झाल्याचं छापून आलेलं होतं, आणि दशकभरातल्या ७० हजार कोटींच्या खर्चाशेजारी तो आकडा ठेवून लोक प्रश्न विचारत होते. विदर्भ महामंडळातल्या ३८ प्रकल्पांच्या किमती २००९ मध्ये काही महिन्यांच्या आत जवळपास २० हजार कोटींनी वाढवण्यात आल्याची चर्चा सुरू झाली आणि त्या मान्यता नियामक मंडळाला वळसा घालून दिल्या गेल्याचा आरोप झाला. २५ सप्टेंबरला तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी, जे आधी दहा वर्षं जलसंपदा मंत्री होते, राजीनामा दिला. नोव्हेंबरअखेर सरकारची श्वेतपत्रिका आली. तिने सिंचनातली वाढ पाहणी अहवालापेक्षा बरीच जास्त दाखवली. डिसेंबरात पवार मंत्रिमंडळात परतले. वर्षाच्या शेवटच्या दिवशी माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली विशेष चौकशी पथक नेमलं गेलं.

चितळे स्वतः अभियंता, केंद्राचे माजी जलसंपदा सचिव आणि १९९३च्या स्टॉकहोम जल पुरस्काराचे मानकरी. त्यांच्या पथकाचा अहवाल २०१४ मध्ये आला आणि मान्यता, निविदा, भूसंपादन या सगळ्यांच्या कार्यपद्धतीतले दोष त्याने दाखवले. पुढच्या वर्षांत लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने विदर्भातल्या प्रकल्पांबाबत गुन्हे नोंदवले. आरोपींमध्ये मुख्यतः महामंडळाचे अभियंते आणि कंत्राटदार होते. २०१९च्या अखेरीस त्याच विभागाने उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात प्रतिज्ञापत्र देऊन विदर्भातल्या प्रकरणांत पवार यांच्यावर फौजदारी जबाबदारी येत नसल्याचं सांगितलं.

कोण दोषी, हे न्यायालयांनी ठरवायचं. मला लक्ष वेधायचं आहे ते कागदाच्या रचनेकडे. तपास सुरू झाला की तपास अधिकारी सह्या शोधतो, आणि सह्या सर्वांत जास्त असतात खालच्या व मधल्या फळीच्या. असहमतीची नोंद मात्र क्वचित सापडते, कारण ती ठेवायला फाइलीत जागाच नसते. ज्याने मनातून विरोध केला आणि ज्याने आनंदाने हात धुऊन घेतले, त्या दोघांच्या सह्या शेजारी शेजारी असतात आणि त्यांत काही फरक दिसत नाही.

पांढरे स्वेच्छेने सेवेतून बाहेर पडले आणि २०१४ मध्ये आम आदमी पक्षातर्फे नाशिकमधून लोकसभेला उभे राहिले. त्यांचं राजकारण पटो न पटो, एक प्रश्न राहतो. एका मुख्य अभियंत्याला, तांत्रिक सल्लागार समितीच्या सदस्याला, आपलं तांत्रिक मत ऐकलं जावं म्हणून ते वर्तमानपत्रात फुटेपर्यंत वाट पाहावी लागली. मग शाखा अभियंत्याचं काय?

हे फक्त आपल्याकडेच होतं असं मानून निराश होण्याचं कारण नाही. २८ जानेवारी १९८६ रोजी अमेरिकेचं चॅलेंजर यान उड्डाणानंतर ७३ सेकंदांनी फुटलं आणि सात अंतराळवीर गेले. यानाच्या घन इंधनाच्या रॉकेटमधल्या सांध्यांना रबरी कडी होती. थंडीत ती कडक होतात आणि सांधा नीट बंद होत नाही, हे रॉकेट बनवणाऱ्या मॉर्टन थायोकॉल कंपनीतल्या रॉजर बॉयजोली या अभियंत्याने सहा महिने आधी, ३१ जुलै १९८५ रोजी लेखी कळवलं होतं. यातून माणसं मरतील, असा स्पष्ट इशारा त्यात होता. उड्डाणाच्या आदल्या रात्री दूरध्वनीवरून बैठक झाली. १२ अंश सेल्सियसच्या खाली उडवू नका, असं अभियंते म्हणाले. नासाचे अधिकारी नाराज झाले. कंपनीने काही मिनिटं वेळ मागून घेतला आणि त्या मिनिटांत एका वरिष्ठाने अभियांत्रिकी विभागाच्या उपाध्यक्षाला सुचवलं की आता अभियंता म्हणून विचार करणं थांबव आणि व्यवस्थापक म्हणून कर. मत बदललं. कंपनीचा केप कॅनाव्हरलवरचा प्रतिनिधी ॲलन मॅकडोनाल्ड याने शिफारशीवर सही करायला नकार दिला, तेव्हा दुसऱ्या अधिकाऱ्याची सही युटाहून फॅक्सने मागवण्यात आली.

चौकशी आयोगात भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन होते. त्यांना आढळलं की यान आणि माणसं गमावण्याची शक्यता कामावरचे अभियंते साधारण शंभरात एक सांगतात आणि व्यवस्थापन लाखात एक सांगतं. एकाच यंत्राबद्दल, एकाच संस्थेत, हजारपट फरक. जिगावच्या किमतीचे आणि खारपाणपट्ट्यात पाणी कधी पोचेल याच्या तारखांचे आकडे पाहताना मला फाइनमनचा हा फरक आठवतो. प्रत्येक नव्या तारखेपूर्वी कुणीतरी शाखा अभियंत्याला विचारलं असतं, तर त्याने कोणतं वर्ष सांगितलं असतं?

तारखेच्या घाईची मराठी माणसाला सर्वांत जवळची आठवण पानशेतची आहे. आंबी नदीवरचं ते मातीचं धरण ठरल्यापेक्षा एक वर्ष आधी, १९६१च्या पावसाळ्यातच पाणी अडवण्यासाठी पुढे रेटलं गेलं. पाणी सोडण्याच्या विमोचकाचं काम पुरं झालं नव्हतं. पोलादाच्या टंचाईमुळे त्याच्या मोरीत सळई न घालता साधे काँक्रीटचे ठोकळे वापरले होते. विमोचक खचला, त्यावरची माती बसत गेली. लष्कराच्या जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली. १२ जुलैला सकाळी धरण फुटलं आणि त्या पाण्याने खडकवासलाही गेलं. पुण्याच्या पेठा बुडाल्या. अपुऱ्या विमोचकासह पाणी अडवणं धोक्याचं आहे, हे अभियांत्रिकीच्या कोणत्याही विद्यार्थ्याला शिकवलं जातं. ज्ञान होतं. ते तारीख ठरवणाऱ्यांवर बंधनकारक नव्हतं.

हे बंधन आणता येतं. नासाने ते दोन अपघातांनंतर आणलं. २००३ मध्ये कोलंबिया यान गेल्यावर तिथे तांत्रिक अधिकाराची वेगळी साखळी केली गेली, जी प्रकल्पाच्या वेळापत्रकाला आणि खर्चाला उत्तरदायी नसते. अभियंत्याला असहमती औपचारिक नोंदवून ती थेट वरपर्यंत नेण्याची सोय झाली. मॅकडोनाल्डला चॅलेंजरनंतर कंपनीने बाजूला सारलं होतं, पण अमेरिकी संसदेत दबाव आला आणि त्याच्याकडेच त्या सांध्यांच्या नव्या रचनेची जबाबदारी देण्यात आली. १९८८ मध्ये त्या नव्या रॉकेटांवर यान पुन्हा उडालं.

आपल्याकडे संस्था नाहीत असंही नाही. नाशिकला महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था आहे, मध्यवर्ती संकल्पचित्र संघटना आहे, मेटा आहे. तिथे बसलेल्या माणसांचं ज्ञान कोणत्याही खासगी सल्लागारापेक्षा कमी नाही. त्यांच्या अहवालाला नियामक मंडळापुढे नकाराधिकार नाही, एवढीच उणीव आहे, आणि ती लहान नाही. दुसरी उणीव संरक्षणाची. सत्येंद्र दुबे हा कानपूर आयआयटीचा अभियंता राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणात होता. सुवर्ण चतुष्कोनातल्या कामातल्या गैरप्रकारांबद्दल त्याने २००२ मध्ये पंतप्रधान कार्यालयाला पत्र लिहिलं आणि नाव गुप्त ठेवण्याची विनंती केली. पत्र नावासकट खाली पाठवलं गेलं. २७ नोव्हेंबर २००३ रोजी गयेत त्याचा खून झाला. तपास यंत्रणेने तो लुटीतून झालेला खून ठरवला. त्याच्या मृत्यूने देशभर झालेल्या संतापातून जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा २०१४ मध्ये संमत झाला, पण तो अमलात आणण्याची अधिसूचना पुढे वर्षानुवर्षं निघाली नाही.

आता बुलढाण्याच्या वाट्याला याहून मोठी योजना येते आहे. वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाचं पाणी चारशे किलोमीटरहून लांब कालव्याने पश्चिमेकडे आणून मोताळा तालुक्यातल्या नळगंगा धरणापर्यंत पोचवायचं, असा वैनगंगा-नळगंगा नदीजोड प्रकल्प. राज्य सरकारने २०२४ मध्ये मान्यता दिली तेव्हा त्याची किंमत ८० हजार कोटींच्या वर होती. या कालव्यालाही वाटेत काळी माती लागेल, सीएनएसचा थर लागेल, वीज लागेल आणि सहा जिल्ह्यांतली जमीन लागेल. त्याबद्दलची टिपणं शाखा अभियंते लिहितील.

ती टिपणं लोकांसमोर ठेवायला नवा कायदा करावा लागत नाही. माहिती अधिकार कायदा २००५ च्या कलम ४ मध्ये आहेच की लोकांवर परिणाम करणारे महत्त्वाचे निर्णय जाहीर करताना त्यांच्याशी संबंधित सर्व तथ्यं प्राधिकरणाने स्वतःहून प्रसिद्ध करावीत आणि बाधित व्यक्तींना निर्णयाची कारणं द्यावीत. महामंडळाने प्रत्येक सुप्रमेचा प्रस्ताव, त्यातला प्रत्येक रकाना कशाच्या आधारावर भरला ती क्षेत्रीय टिपणं आणि कोणाची असहमती असेल तर तीसुद्धा, मान्यतेच्या आधी संकेतस्थळावर टाकावी. मोताळ्याच्या शेतकऱ्याला मुरूम किती अंतरावर मिळतो हे ठाऊक असतं. अंदाजपत्रकात तो किती लांबून आणल्याचं दाखवलंय, हे त्याला वाचता आलं पाहिजे.